मागच्या सीटखालची जाळी

सोमवार, २ जून

बारा मिनिटं उशीर! दोन वर्षांत पहिल्यांदा.

हाउसिंग बोर्डच्या लाइट पॉइंटला उभी होते, हिरवा झाला, निघाले — आणि समोर सगळी दिवाळी. लाल त्रिकोण, पिवळं इंजिनाचं चित्र, वर अक्षरं: हायब्रिड सिस्टिम तपासा. गाडीतला जीवच गेला. कशीबशी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला जे काही बोलला ते ठेठ पंजाबीत होतं म्हणून बरं.

यांना फोन केला. पहिला प्रश्न — "तू काय केलंस?" बत्तीस वर्षं हवाई दलात, विमानं तपासण्यात हयात गेली, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, आणि गाडी बंद पडली की दोष बायकोचा.

गाडी तिथेच सोडून ऑटोनं सेक्टर ३४ मधला क्लास गाठला. चाळीस मुलं भौतिकशास्त्राच्या वह्या उघडून माझी वाट बघत बसलेली. लाज वाटली. परतताना गाडी आपली शहाण्यासारखी सुरू झाली, दिवे मात्र तसेच.

मंगळवार, ३ जून

सर्व्हिस सेंटरचा ड्रायव्हर सकाळीच येऊन गाडी घेऊन गेला. मी आंघोळीला गेले होते, यांनीच किल्ली दिली. दुपारी गाडी परत. दिवे विझलेले. काय सापडलं असं फोनवर विचारलं तर तिथला माणूस सांगतो, कोड इरेज कर दिया मॅडम, गाडी सात वर्षं जुनी, मोठी बॅटरी थकली असणार, अख्खी बदलायची तयारी ठेवा. कोड कोणता होता? ते त्याला आठवत नव्हतं! ताप मोजायचा, थर्मामीटर झटकायचा आणि रोग्याला घरी पाठवायचं, त्यातली गत.

चहानंतर हे गाडी घेऊन आमच्या सेक्टरच्या मार्केटपर्यंत जाऊन आले. एक दिवा लागला नाही. "माझ्या हातात तर नीट चालते," म्हणाले. मी कपबशा जरा जोरातच उचलल्या.

बुधवार, ४ जून

पुन्हा! मध्य मार्गावर. तोच त्रिकोण, तेच चित्र. या वेळी कोड कुणालाही पुसू देणार नाही.

गुरुवार, ५ जून

घरात ठराव मांडला गेला: गाडी विकायची. मांडणारे हे, अनुमोदन ऋग्वेदचं, बंगळुरूहून, फोनवर. हा माझा मुलगा मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. "मम्मा, बेच दो ना यार, कॅब ले लिया करो." कॅब म्हणे.

त्याला काय सांगू? जोधपूर, तांबरम, बरेली, जोरहाट — यांच्या बदल्यांपायी तीन वेळा लागलेली नोकरी सोडली. एमएस्सीला विद्यापीठात दुसरी आलेली बाई मी, आणि वीस वर्षं ऑफिसर्सच्या बायकांच्या कार्यक्रमांत फुलांची रचना केली. आम्ही पंचकुल्याला कायमचे राहायला आलो तेव्हा वय त्रेपन्न. गाडी शिकले, मग नोकरी मिळवली. या क्रमानं! सोम-बुध-शुक्र सेक्टर ३४ ला जाताना मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. खिडक्या बंद, एसी चालू, आणि मनात प्रकाशाचं अपवर्तन. ती पंचवीस मिनिटं माझी असतात.

आणि यांचं म्हणणं काय, तर तुला झेपत नाही. "नाचता येईना अंगण वाकडं." माझीच म्हण माझ्यावर!

कोड वाचायचं यंत्र मागवलं. कुणाला विचारलं नाही.

शुक्रवार, ६ जून

कॅबनं गेले. ड्रायव्हरनं वाटेत भाचीच्या लग्नाची पूर्ण हकिगत सांगितली. अपवर्तन राहिलं.

शनिवार, ७ जून

आलं! काडेपेटीएवढं आहे. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं, त्यात बसवायचं, मग फोनवर गाडी स्वतःचं दुखणं सांगते. दहा मिनिटं गाडीच्या तळाशी डोकं घालून ते सॉकेट शोधलं. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, सब ठीक है जी?

P0A7E. मी मोठ्यानं वाचलं. पोर्चमध्ये, एकटीच. अर्थ: हायब्रिड बॅटरी जास्त तापली.

थकलेली बॅटरी असा याचा अर्थ नाही! त्याचा कोड निराळा असतो, तो इथे कुठेच नाही. तापली, एवढंच. शिवाय दिवा लागला त्या क्षणाची नोंद गाडी आपण होऊन ठेवते, तीही मिळाली — बाहेर बेचाळीस अंश, बॅटरी छप्पन्न, वेग अडतीस. अडतीस! म्हणजे मी गाडी दामटत नव्हते. हे मी फोनसकट यांच्यासमोर धरलं. चष्मा नाही म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

रविवार, ८ जून

वहीत तक्ता केला. मी गेले: दोनदा, दोन्ही वेळा दिवे. हे गेले: मार्केट, चार वेळा, काही नाही. वरवर बघितलं तर आरोपी मीच. पण मार्केट एक किलोमीटर आणि सेक्टर ३४ पंधरा. एका किलोमीटरमध्ये बॅटरीला घाम तरी येतो का? दोन प्रयोगांत दोन गोष्टी बदलल्या तर निष्कर्ष काढता येत नाही, हे मी अकरावीच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते.

जेवताना यांना हेच सांगितलं. त्यावर शांतपणे म्हणाले, जुन्या गाड्यांचा डीलर शनिवारी अकराला येतोय. मला न विचारता बोलावला. भात टाकून उठावंसं वाटलं, पण कैरीचं लोणचं मी घातलेलं होतं. पूर्ण जेवले.

सहा दिवस आहेत.

सोमवार, ९ जून

आजची नोंद मोठ्या अक्षरात लिहायला हवी.

फोन डॅशबोर्डवर अडकवला, यंत्र लावलं आणि नेहमीसारखी निघाले. निघताना बॅटरी छत्तीस. रेल्वे पुलापर्यंत बेचाळीस. बॅटरीला थंड करणारा एक पंखा असतो, तो पाचव्या पायरीवर, मग सहाव्या, म्हणजे शेवटच्या. मागून त्याची घरघर ऐकू येत होती. पंखा जीव तोडून फिरतोय, गाडीत एसीची गार हवा आहे, आणि तापमान तरी चढतंच — सत्तेचाळीस, एकोणपन्नास. मी मोठ्यानं म्हटलं, अगं, हवा पोचतच नाहीये! पंखा चांगला, बॅटरी चांगली. नाक दाबलंय कुणीतरी.

दिवे लागायच्या आत सेक्टर ३४ च्या पार्किंगमध्ये पोचले. पुस्तिकेत चित्र होतं: हवा आत घ्यायची जाळी मागच्या सीटच्या खाली, उजवीकडे. मागे कधी कुणी बसत नाही, माझी पिशवी पुढे असते, तिकडे बघायचं कारणच पडलं नव्हतं. मागचं दार उघडून वाकले. जाळीवर लाल रेक्झिनचं झाकण. बरोब्बर मापाचं, कडेनं दुहेरी शिवण, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. असली शिवण जगात एकच माणूस घालतो आणि तो माझ्या घरी राहतो.

काखेत कळसा! आठवडाभर मी बॅटरीचं शास्त्र वाचतेय आणि नवऱ्यानं तिला टोपडं घातलंय.

लगेच कळलं, का ते. पहिल्यांदा दिवे लागले त्याच्या आधीच्या शनिवारी मोठी आंधी आली होती, काच जराशी उघडी राहिली आणि आत धूळच धूळ. हवाई दलात विमान उभं केलं की त्याची सगळी तोंडं लाल झाकणांनी बंद करतात, धूळ जाऊ नये, पाखरू शिरू नये. उड्डाणाआधी काढायची. हे मार्केटला जाताना काढत होते, आल्यावर घालत होते. सर्व्हिसला दिली तेव्हाही काढलंच असणार. मी निघायचे तेव्हा ते तिथेच.

झाकण पिशवीत टाकलं, वर्गावर गेले. परतताना भर उन्हात बॅटरी अडतीसच्या वर गेली नाही. मध्य मार्गावर मी गात होते. पन्नाशी उलटलेली बाई गाडीत एकटी गातेय म्हणून एक स्कूटरवाली बघत होती. बघू दे! सर्व्हिस सेंटरला जमलं नाही ते मी केलं. मला माझा अभिमान वाटतो. लिहूनच ठेवते, कारण दुसरं कुणी म्हणेल असं दिसत नाही.

मंगळवार, १० जून

काल संध्याकाळी यांना झोप लागली होती म्हणून सकाळी नाश्त्याला झाकण पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

मी एकच विचारलं.

"अहो, याची रिबन कुठे आहे?"

लाल झाकणाला हातभर लांब लाल रिबन असते, लोंबती, लांबून दिसावी आणि झाकण काढायचं कुणी विसरू नये म्हणून. त्याशिवाय झाकण लावायचं नाही आणि लावलं की वहीत नोंदवायचं, हा यांचाच नियम. बरेलीला रिबन तुटलेली दिसली म्हणून यांनी एका पोराला उन्हात उभं केलं होतं, ते जेवताना आम्हाला तीनदा ऐकवलं होतं.

"घरच्या गाडीला कशाला, म्हटलं," एवढंच म्हणाले. आणि पोहे संपवले.

माफी नाही. शाबासकी नाही. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू. नंतर विचारलं, मग डीलरला नको म्हणून सांगताय ना? तर म्हणाले, येऊ दे, बघून तर जाऊ दे. गाडी ठणठणीत आहे हे सिद्ध झाल्यावरसुद्धा! तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत येऊन दार लावलं.

बुधवार, ११ जून

दिवा नाही. कमाल तापमान एकोणचाळीस. वर्गात हाच प्रश्न गणित म्हणून घातला: पंखा पूर्ण वेगात, तरी तापमान चढतंय, कारण सांगा. कश्मिरा नावाच्या मुलीनं पाच मिनिटांत सोडवला. मग मी सांगितलं की हे माझ्या गाडीचं आहे आणि मीच शोधलंय. चाळीस मुलांनी बाकं वाजवली.

गुरुवार, १२ जून

सर्व्हिस सेंटरच्या माणसाला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाला, मॅडमजी, पुढच्या वेळी आधी तुम्हालाच विचारतो. ऋग्वेदचा मेसेज: मम्मा, मान गए. यांच्याशी मात्र बोलणं मिठापुरतं. शनिवारी डीलर आला तर त्याच्यासमोर किल्ली मुठीत धरून बसणार आहे. बघू कोण घेतं.

शुक्रवार, १३ जून

वेळेवर पोचले. वेळेवर आले.

शनिवार, १४ जून

डीलर आला नाही. यांनीच सकाळी फोन करून नको सांगितलं. मग माझ्यासमोर एक फाइल ठेवली, डोळ्यांच्या डॉक्टरांची, मार्चमधली. काचबिंदू. समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं बरंचसं गेलंय. गाडी चालवू नये, असं स्पष्ट लिहिलंय.

"झाकणामुळे होतंय हे मला दुसऱ्यांदा दिवे लागले त्या बुधवारीच कळलं होतं," म्हणाले. "गाडीच नसती, तर मी चालवणं का सोडलं हे कुणी विचारलं नसतं, विनया."

संध्याकाळी मार्केटपर्यंत मी गाडी चालवली, हे शेजारी बसले. वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. मी ब्रेक दाबला, तेव्हा यांनी विचारलं, काय झालं?