बिनचुलीचा घोळाणा

माय, माझं अक्षर पाहून तू हसली असती, अन् वाचता तर तुले आलंच नसतं. तू शाळेचं तोंड पाह्यलं नाही, अन् मले तिसरीतून काढलं ते धाकट्याले सांभाळाले. म्हणजे लिहिणारी अन् वाचणारी दोघी सारख्याच. पण आज आनंद पोटात मावून नाही राह्यला, म्हणून नातीचा घरी राह्यलेला पेन घेतला अन् अंगणात ऊन धरून बसली. कोंबड्या पायाशी आहेत, त्याइले वाटते मी दाणे टाकाले बसली.

आधी वाईट सांगते, म्हणजे चांगलं सांगाले मोकळी. मागच्या दिवाळीत अनारसे तळताना माझ्या पदरानं पेट घेतला. सुनेनं ओल्या फडक्यानं लगेच विझवला, मले काही झालं नाही, लुगडं तेवढं गेलं. पण लेक लय घाबरला. त्या दिवसापासून त्याचं एकच, "आई, आता गॅसजवळ जायाचं नाही. बसून खायाचं." सून मायाळू आहे, चहा हातात आणून देते. वाकडा शब्द कोणाचा नाही माय, म्हणून तक्रार तरी कोणाची करू? मी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलते. जिले जन्मभर "आज काय केलं?" म्हणून विचारलं, तिले आता सारे "जेवली का?" एवढंच विचारतात. आपल्याच घरात पाहुणी झाली मी. पाहुणीले तरी परत जायाले गाव असते.

तर आता चांगलं. नात अकोल्याले नोकरीले आहे, ती सुट्टीत आली. मी विचारलं, तिथं एकटी काय करून खाते? म्हणे सॅलड. म्हटलं ते काय असते? तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. फळं, हिरवा पाला, वरून पनीरचे तुकडे. म्हणे, "आजी, दहा मिनिटात होते. चल, आपण दोघी करू."

"मले सैपाकघरात कोण जाऊ देते बाई?"

"अवं, याले गॅस लागतच नाही!"

माय, मी बाजेवरून अशी उठली की गुडघ्याले दुखायाची आठवणच नाही राह्यली.

पनीर तिनं वरवटच्या बाजारातून आणलं. संत्री शेजारच्या बगीच्यातली, सध्या दारोदारी तीच आहेत. राह्यला पाला. फोटोतला पाला कोणत्या मुलखातला कोण जाणे, तो आपल्याकडं कुठं मिळते! म्हटलं, वावरात जा, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आण. पोट्टी गेली, टोपलंभर घेऊन आली, अन् मी कांदा सोलते तोवर तिनं तो पाला नळाखाली धरला. एकदा नाही, तीनदा धुतला.

"काऊन धुतला वं पाला? सारी आंब गेली नं!"

"आजी, फवारा मारतात त्याच्यावर. तसाच खाशील तं दवाखान्यात जाशील."

तिचंही खरंच होतं. पण मनातून हसू दाबून नाही दबे, कारण मले तिथं नळापाशी मीच उभी दिसत होती.

आठवते का माय? मी लहान आहे. तू मालकाच्या हरभऱ्यात निंदाले जाते. संध्याकाळी पिकावर धुतलेलं फडकं पसरून ठेवते. रात्रभर पानावरचं आंबट दव त्यात मुरते, सकाळी तू ते पिळून बाटलीत भरते. घरात कोणाचं पोट दुखलं की तीच आंब, तोच आपला डॉक्टर. एक दिवस मी तुझ्या आधी वावरात पोचली. फडकं ओलंचिंब. मले वाटलं तू वाळू घालून विसरली. माय खूश होईन म्हणून मी ते नाल्यावर नेलं, खळखळून धुतलं अन् बोरीवर वाळू घातलं. तू आली, फडक्याचा वास घेतला अन् कपाळावर हात मारला. "अवं पोट्टे, रातभराची कमाई धुऊन आणली नं तुनं!" पाठीत धपाटा बसला, मी भोकाड पसरलं. मग तूच हसाले लागली, इतकी की बाकीच्या बाया खुरपं सोडून पाहात राह्यल्या.

अन् दुपारी माझी समजूत काढाले तू घोळाणा केला. कोवळा पाला, न धुतलेला, हातानं चुरला. मीठ, मिरची, कांदा, तेलाचे दोन थेंब, बोरीखाली पडलेली बोरं ठेचून. मालकिणीनं त्या दिवशी फाटलेलं दूध दिलं होतं, ते फडक्यात बांधून पिळलं अन् त्यात कुस्करलं. मी तोंड वाकडं केलं. तू म्हणली, "लुगडं फाटलं तं गोधडी होते, दूध फाटलं तं हे होते. खाऊन तं पाह!" पळसाच्या पानावर खाल्लं ते. अजून जिभेवर आहे.

आता मले सांग, यात अन् नातीच्या सॅलडात फरक काय? बोरं गेली, संत्री आली. आंब धुतली गेली तर संत्र्यानं आंबटपणा दिला. तिले काळी मिरी पाह्यजे, मले हिरवी मिरची, त्यावर जरा जुंपली, मग दोन्ही टाकलं. ती चमच्यानं कालवत होती. मी म्हटलं, "चमचा ठेव बाजूले. पाल्याले हात लागल्याशिवाय तो ऐकत नाही." वरून दाण्याचा कूट माझा. पोट्टीनं बोट चाटलं अन् म्हणे, "आजी, हे तं माझ्याहून भारी झालं."

लेक वावरातून आला. ताट पाह्यलं अन् पहिले माझ्या पदराकडं पाह्यलं. "आई, गॅस पेटवला का तू?"

"काडीसुद्धा नाही ओढली. इचार तुह्या पोरीले."

त्यानं भाकरीसंग एक घास घेतला, मग दुसरा. मग भाकरी तशीच राह्यली अन् नुसतं तेच खात सुटला. अन् म्हणे, "आई, अजून आहे का?"

माय, दिवाळीपासून हे तीन शब्द मी ऐकले नव्हते. आता नात अकोल्याले परत गेली, तरी सून सकाळी पाला आणून माझ्यापुढं ठेवते अन् विचारते, "आई, आज त्याच्यात काय टाकता?" कधी पेरू, कधी मेथी. चुलीचं काम मी सासरी शिकली, तुझ्याजवळ होती तेव्हा सारा दिवस वावरच. मले वाटे तुझ्याकडून मी काहीच शिकली नाही. हात रिकामे झाले तेव्हा समजलं, तू त्यात काय ठेवून गेली होती ते.

हे काही मी टपालात टाकत नाही, पत्ता काय लिहू? फक्त एक गोष्ट कोणाले सांगितली नाही, ती तुले सांगते. लेकानं "अजून आहे का" विचारलं, तेव्हा मी "संपलं" म्हटलं. खोटं होतं ते. साऱ्याइले वाढायच्या आधी मी एक वाटी माझ्यासाठी काढून रांजणामागं झाकून ठेवली होती. तू जन्मभर शेवटी, उरलं तेवढंच जेवली, मीही तशीच. सारे उठल्यावर मागच्या दारात बसून एकटीनं खाल्लं, अन् वाटी बोटानं पुसून घेतली.