आवाज पोटातून आला पाहिजे

४ मार्च. दुपार.
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. त्या खुर्चीत आज पहिल्यांदा बसलो. महिनाअखेरीला सगळ्या कामगारांची सभा आहे आणि मुख्य भाषण मी करायचंय. मीच का, असं नम्रपणे विचारलं. साहेब म्हणाले, तुमचं बोलणं लोक मनाला लावून घेत नाहीत. म्हणजे माझ्या हलक्याफुलक्या शैलीची कीर्ती वरपर्यंत पोचली आहे.

विषय: छपाई विभाग बंद. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. झाकणांवर नावं छापायचं काम यापुढे बाहेरून करून घेणार, छपाईतल्या सगळ्यांना घरी बसवणार. सभेपर्यंत कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही. साहेब स्वतः त्या दिवशी दौऱ्यावर आहेत.

विषय जरा वाईट आहे. पण खऱ्या वक्त्याने विषय बघू नये, संधी बघावी. पार्किंगचे स्टिकर आणि हजेरीचे कागद सांभाळण्यात माझं आयुष्य चाललंय, ते काय उगाच?

मेहुणा छपाईतच आहे. मीच चिकटवला होता. बघू.

५ मार्च.
संकल्प. रोज सकाळी आवाजाचा सराव. व्हिडिओतला गुरू म्हणतो, आवाज घशातून नाही, पोटातून आला पाहिजे. बाथरूममध्ये अर्धा तास पोटातून 'मित्रांनो' म्हणालो. बाहेर आलो तर बायको औषध घेऊन उभी. जळजळतंय का म्हणाली. कन्येने शाळेला उशीर झाल्याचं खापर माझ्यावर फोडलं. घरातल्यांना कलेची कदर नसते हे जुनंच आहे.

८ मार्च. रविवार.
श्रोते मिळवणं हाच मोठा प्रश्न. बायको ऐकत नाही, कन्येला क्लास असतो. शेवटी अण्णांच्या खोलीत गेलो. झटका आल्यापासून वडिलांना बोलता येत नाही, अंथरुणातून उठता येत नाही. वक्त्याच्या दृष्टीने आदर्श माणूस.

पूर्ण भाषण करून दाखवलं. नजरेला नजर भिडवली. मध्यावर अण्णांनी डोळे मिटले. मी थोडा आवाज चढवला, तेव्हा चालत्या हाताने चादर डोक्यावर ओढून घेतली. भावनावेग आवरला नसावा.

११ मार्च.
एचआरच्या मॅडमनी वाचायला मजकूर दिला. फक्त तीन वाक्यं. म्हणाल्या, एवढंच वाचा आणि खाली उतरा. हसून 'बरं' म्हणालो. तीन वाक्यांत माणसाचं व्यक्तिमत्त्व कुठे बसणार? घरी येऊन नवीन भाषण लिहायला घेतलं. सुरुवातीला एक विनोद, मग कंपनीचा इतिहास, मग छपाई विभागाचं तोंडभरून कौतुक, मग हळूच मूळ मुद्दा. म्हणजे लोकांना धक्का जाणवणारच नाही.

१४ मार्च.
देहबोली. आजवर मी हात मागे बांधून उभा राहायचो. गुरूच्या मते त्याने माणूस शिक्षा झाल्यासारखा दिसतो. म्हणून हात मोकळे सोडून सराव केला. कन्येकडून मोबाइलवर चित्रण करून घेतलं. बघून ती म्हणाली, बाबा, तुम्ही गाड्या अडवताय असं वाटतंय. आणि जरा कमी हसा, विषय काय आहे भाषणाचा? विषय गुप्त आहे असं सांगितलं. मग तर हसूच नका, म्हणाली.

पोरीला स्टेजचा अनुभव नाही. हसतमुख चेहऱ्याने निम्मं काम होतं.

१८ मार्च. संध्याकाळ.
आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

मेहुणा घरी आला होता. त्याला दुसऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आहे. लेबलं छापायचं काम, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय. इथेच राहायला त्याला आवडेल, कारण त्याची बायको पोटुशी आहे आणि तिला इथून लांब जायचं नाही. चहा घेताना त्याने सरळच विचारलं. म्हणाला, "भाऊजी, आमचा विभाग बंद होणार असं कानावर येतंय. तुम्ही ऑफिसात असता. खरं काय ते सांगा, तुम्ही म्हणाल तसं करतो."

 बायको हातातलं काम टाकून बघायला लागली. साहेबांना शब्द दिलेला. शिवाय बातमी आधीच फुटली, तर माझ्या भाषणात उरलं काय?

मग लक्षात आलं, एवढे दिवस तयारी केली ती याचसाठी. आधी थांबलो. मग त्याच्या डोळ्यांत बघितलं. खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणालो, "अफवा आहेत रे. निर्धास्त राहा."

आवाज पोटातून आला! खोल, संथ, कुठेही न कापलेला. तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. तिथूनच फोन लावून त्याने त्या कारखान्याला नकार कळवला. बायकोने माझ्याकडे असं काही बघितलं की लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. पुन्हा चहा टाकला, न मागता.

पहिलं पूर्ण यश.

१९ मार्च.
नीट झोप लागली नाही. पलंगाच्या गादीत दोष आहे. बदलायला हवी.

तत्त्वाचा विचार केला तर माझं काही चुकलेलं नाही. उद्या नातेवाइकाला सांगा, परवा शेजाऱ्याला सांगा, मग गुप्तता राहिली कुठे? मेहुण्याला दुसऱ्या विभागात घ्या, असा साहेबांकडे शब्द टाकता येईल. पण भाषणाच्या आधी त्यांचं मन कशाला बिघडवा? भाषण चांगलं झालं की ते खुशीत असतील. तेव्हा बोलेन.

२३ मार्च.
बायको सांगत होती, भाऊ आणि वहिनी बाळासाठी खोली रंगवताहेत. पिवळा रंग. मी विचारलं, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, तुम्हीच तर निर्धास्त राहा म्हणालात.

आज सराव झाला नाही. घसा जड वाटतोय. कामाचा ताण.

२७ मार्च.
गुरूचा नवीन धडा: गर्दीतला एक ओळखीचा, आपल्याबद्दल आपुलकी असलेला चेहरा निवडा आणि त्याच्याकडे बघून बोला, भीती वाटणार नाही. खूप विचार केला. कारखान्यात माझ्याबद्दल आपुलकी असलेला चेहरा एकच सापडला. छपाईतली माणसं पुढे बसवतात, म्हणजे दिसायला अडचण नाही.

३० मार्च. दुपार.
सभा झाली. जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.

कँटीन गच्च भरलं होतं. मी हसतमुखाने माइकपाशी गेलो. विनोद सांगितला, लोक मनापासून हसले. इतिहास थोडा लांबला, पण कुणी उठलं नाही. मग म्हणालो, "मित्रांनो, या कारखान्याचं नाव ज्याने घराघरांत पोचवलं, तो म्हणजे आपला छपाई विभाग." इथे दोन्ही हात वर करून थांबलो. टाळ्यांचा कडकडाट. छपाईवाले एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मेहुणा तिसऱ्या रांगेत, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडेच बघत होतो.

मग मी म्हणालो की हा विभाग उद्यापासून बंद होत आहे.

काही जण टाळ्या वाजवतच राहिले. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा विनोद वाटला असेल, कारण माझा चेहरा ठरल्याप्रमाणे हसरा होता. मेहुण्याचे हात मात्र हवेतच थांबले. मी नजर हलवली नाही. नियम तसाच आहे. त्यानेच खाली बघितलं.

मग आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी ओरडलं, याला खाली उतरवा. मी पोटातून बोलायचा प्रयत्न केला, पण पोटातून काही येईना, म्हणून घशातून ओरडलो. आवाज फाटला आणि गेलाच. मॅडम पुढे आल्या, माझ्या हातातून माइक घेतला आणि ती तीन वाक्यं वाचली. लोक शांतपणे ऐकत होते. एक जण त्यांना धन्यवादसुद्धा म्हणाला.

माइकची व्यवस्था सदोष होती. तसा रिपोर्ट देणार आहे.

३१ मार्च.
आवाज बंद. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. सूज आहे म्हणाले, ओरडू नका, हळू बोललात तर हरकत नाही. साहेब दौऱ्यावरून आले. मेहुण्याचा विषय मी चिठ्ठीवर लिहून नेला होता. त्यांनी चिठ्ठी न वाचता टेबलावर ठेवली आणि म्हणाले, यापुढे असं काही असेल तर नुसती नोटीस लावत जाऊ.

१ एप्रिल. संध्याकाळ.
मेहुणा आला होता. बूट काढले नाहीत, बसला नाही. दुसऱ्या कारखान्याला फोन करून झालाय, ती जागा भरली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी घशाकडे बोट दाखवलं.

तो आवाज न चढवता बोलला. "भाऊजी, तुमचा नाइलाज असेल. सांगता येत नाही म्हणाला असतात तरी मी समजलो असतो. पण तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात."

बोलण्याची पद्धत चांगली आहे त्याची. नैसर्गिक.

बायकोने आत जाऊन बॅग भरली. वहिनीचे दिवस भरत आलेत, घरात कुणीतरी बाईमाणूस हवं, म्हणाली. म्हणजे रागाने गेलेली नाही. कन्याही गेली, मामाचं घर शाळेला जवळ पडतं म्हणे. अण्णांचं जेवण कधी द्यायचं, गोळ्या कोणत्या, सगळं समजावून सांगितलं. माझ्याकडे न बघता.

मेहुणा बॅग घेऊन खाली उतरला. ती मात्र दारात बराच वेळ उभी होती, चपला घालूनसुद्धा. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा असावी. हळू बोलायला डॉक्टरांची परवानगी आहे. पण घशाच्या बाबतीत धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.