सरकलेला खांब

६ ऑक्टोबर, सोमवार
पोलिसांचं पत्र आलं. वय सत्त्याहत्तर, तेव्हा लायसन्स रिन्यू करण्याआधी स्मरणशक्तीची टेस्ट द्या. मला! एकतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं मी. या खोऱ्यातलं अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. आणि टेस्ट कुठे, तर माझ्याच जुन्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. घेणार कोण, तर कुवाबारा. याला रिव्हर्स शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले.

ओसाकाहून कोहेईचा फोन. चिरंजीव म्हणाले, बाबा, लायसन्स परत करून टाका, बसच्या तिकिटात सूट मिळते. म्हटलं, आधी बस तर मिळू दे, दिवसाला दोन येतात. तुझ्या आईला गुडघ्यांसाठी डोंगरापलीकडे डॉक्टरकडे कोण नेणार, तू?

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

७ ऑक्टोबर
आठला उठलो. झोप पुरी झाली की स्मरणशक्ती वाढते.

९ ऑक्टोबर
टेस्टचं पुस्तक आणलं. सोळा चित्रं दाखवतात, मग आकडे खोडायला लावून डोकं भलतीकडे वळवतात, मग विचारतात, काय काय पाहिलं? चित्रांचे संच चारच आहेत. चारही पाठ करून टाकायचे. पोरखेळ.

काळजी वेगळीच आहे. बायकोची, सुमिएची. येताना तोफू घेऊन आलो तर फ्रिजमध्ये तोफूची चळत. विचारलं, तर म्हणते, अहो, तुम्हीच आणता की रोज! दुसऱ्यावर ढकलणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. पुस्तकाच्या मागे दिलंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुमिए हल्ली दर मंगळवारी पुष्परचनेच्या क्लासला जाते. आज परत आली ती हात हलवत. फुलं कुठायत? जरा गडबडली, म्हणाली, तिथेच राहिली. फुलांच्या क्लासहून माणूस फुलं विसरून येतो! वाईट वाटलं. संकल्प: तिच्यावर प्रेमाने लक्ष ठेवायचं.

१९ ऑक्टोबर
टेस्टचं पुस्तक आणलं. घरी आधीच एक होतं. असू दे, एक सुमिएला देईन. तिला गरज आहे.

२३ ऑक्टोबर
टेम्पो आत घेताना गेटच्या खांबाला घासला. पांढरा रंग खांबावर, खांबाचं सिमेंट टेम्पोवर. तीस वर्षांत कधी असं झालं नाही, म्हणजे खांब सरकलाय. आपल्याकडे भूकंप काय कमी होतात? सुमिए म्हणाली, खांब सरकला असता तर गेट लागलं नसतं. हिला तांत्रिक गोष्टी समजत नाहीत.

३० ऑक्टोबर
परसातली पर्सिमनची फळं शेतकऱ्यांच्या सोसायटीत पोचवून परत निघालो. खताच्या दुकानापाशी वळायचं असतं. दुकानच आलं नाही. पुढे गेलो, पूल आला. हा पूल आपला नव्हे. मागे आलो, पुन्हा तोच पूल. रस्त्यांची कामं काढतात आणि पाटी लावत नाहीत. सरकारला पत्र लिहिणार आहे.

गाडी कडेला घेऊन बसलो. हात स्टिअरिंगवर होते आणि पुढे काय करायचं ते सुचेना. भीती वाटली. खूप वाटली. इथे लिहितो, कारण हे कुणी वाचत नाही.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सुमिए गेटपाशी उभी. म्हटलं, ट्रॅफिक. आमच्या गावात! तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आंघोळीचं पाणी गरम आहे, जा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
चारही संच तोंडपाठ. सुमिएला म्हटलं, विचार. म्हणाली, आल्यावर विचारते, आता क्लासला उशीर होतोय. क्लासला स्नीकर घालून गेली! पायात काय घालायचं तेही विसरली बिचारी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी
पास! चित्रं धडाधड सांगितली. कुवाबारा तोंडात बोट घालायचा बाकी होता. आज कुठलं साल, तिथे मी जुन्या सम्राटाचा शक लिहिला. तो म्हणाला, सर, ते तर कधीच वारले. मी हसलो. विनोद होता तो.

सर्टिफिकेट खिशात घालून बाहेर आलो तर स्कूलची मिनीबस पोरांना घेऊन निघतच होती. चढलो, माझ्या नेहमीच्या पुढच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर वळणावर क्लच अर्धा दाबतो. दारात उतरेपर्यंत झापला त्याला.

संध्याकाळी
टेम्पो चोरीला गेला! गॅरेज रिकामं. पोलिसांना फोन केला, वर्णन दिलं, खांबाचासुद्धा उल्लेख केला.

रात्री
कुवाबाराचा फोन. सर, तुमचा टेम्पो इथेच उभाय, सकाळपासून.

ते पोलीस फार सभ्य होते. सभ्य नसते तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर
सुमिए म्हणाली, मी घेऊन येते. म्हटलं, कशी, पाठीवर? तिचं लायसन्स चाळीस वर्षं कपाटात पडलंय. मीच म्हणायचो, घरात एक ड्रायव्हर पुरे.

तासाभराने टेम्पो आला. स्टिअरिंगवर सुमिए, पायात स्नीकर. फुलं नव्हतीच कधी. मंगळवारी ही कुवाबाराकडे शिकत होती! माझी बायको, माझ्याच विद्यार्थ्याकडे! तावातावाने विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, अहो, तुम्हाला टेस्टची तयारी करायची होती ना. आणि डोळे पुसायला लागली. मग मला ओरडता येईना.

गेटमधून टेम्पो सरळ आत आणला. कुठे लागला नाही. खांब परत जागेवर आला असावा.

२ डिसेंबर, मंगळवार
सुमिएच्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. सर्टिफिकेट माझ्या खिशात, किल्ली तिच्या. कशी गेली ते आठवत नाही. मी डावीकडे बसलो. शिक्षकाची जागा डावीकडेच असते, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. मिरर बघ म्हटलं, ती बघायची. उतारावर माझा पाय ब्रेक शोधत राहिला. स्कूलच्या गाडीत शिक्षकालाही ब्रेक असतो. इथे नुसता पत्रा.

येताना फाटा आला. मी ठणकावून सांगितलं, डावीकडे घे. सुमिएने सिग्नल दिला आणि उजवीकडे वळवली. म्हटलं, शिक्षकाचं ऐकलं नाहीस, गुण कापतो. ती म्हणाली, कापा. घरी जाऊन कापा.

मग एक गेट आलं. तिथे तिने वेग कमी केला. कुणाकडे आलो, विचारणार होतो. तेवढ्यात खांबावरचा पांढरा ओरखडा दिसला, तेव्हा ओळखलं.