लाल पेनच्या खुणा

प्रिय धाकट्या,

बोटांत जोर नसलेल्या मुलांना मी हल्ली लिहायला शिकवते. आधी माती मळायची, कपड्यांचे चिमटे दाबायचे, मग पेन्सिलीचा बोटभर तुकडा धरायचा. आज एका मुलीने दुखऱ्या बोटांनी अर्ध्या तासात एक ओळ लिहिली. मी सवयीने लाल पेन उघडलं, तर तिने दोन्ही हातांनी वही झाकली.

होस्टेलवरून आलेलं तुझं एकुलतं एक पत्र मी लाल खुणा करून परत पाठवलं होतं. वर शेरा, ‘कोंबडीचे पाय!’ तुझी बोटंही अशीच दुखत असणार, हे या गाढवीला आज कळतंय.

त्यानंतर तू फक्त फोनच केलास.

माफी मागायला लिहिलेलं हे चौथं पत्र. हेही पाठवणार नाही, फाडणार. अक्षर मेलं फारच सुबक येतंय, तुला पुन्हा शेराच वाटेल.

तुझी,
शेरेवाली ताई