कासवांचा पत्ता

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ढब्या,

आशीर्वाद. केस पिकायला लागलेल्या माणसाला आई अजून ढब्या म्हणते म्हणून सूनबाई हसेल. हसू दे. तुम्ही दोघं बरे असाल. माझे गुडघे कुरकुर करतात, पण सांगितलेलं ऐकतात.

शनिवारच्या समारंभाला तुम्ही येताय, हे कळून बरं वाटलं. पुरस्कार समितीचे सचिव रोज फोन करतात. परवा मानपत्र वाचून दाखवलं, 'परिसरशास्त्रातील असामान्य योगदानाबद्दल.' मी म्हटलं, "अहो, जन्मभर चिखलात बसून कासवं मोजली, एवढंच लिहा की." ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार थट्टा करता." माझ्याबरोबर आणखी दोघांचा सत्कार आहे, एक शेवाळवाले आणि एक वटवाघळंवाली. आम्हा तिघांकडे मिळून एक धड कपडा निघायचा नाही. मी नवे बूट घेतलेत. चावतात.

खरं सांगू? झोप उडाली आहे. कडी लावल्यावर पुन्हा उठून पाहते. समोरच्या औषधाच्या दुकानाशी एक राखाडी गाडी उभी असायची, आत दोघं बसलेले. औषध घ्यायला कोणी इतका वेळ लावतं का? एकदा भाजीला निघाले तर गाडी मागे. चपलांच्या दुकानात शिरले, उगाच चार जोड काढायला लावले, बाहेर आले तर ती तिथेच.

त्याआधी एका गृहस्थांचा फोन आला होता. फार गोड बोलले. संग्रहालयातून बोलतोय म्हणाले. "बाई, तो दुभंगलेला कडा नदीच्या कुठल्या अंगाला हो?" मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. संग्रहालयात विचारलं, तर असा माणूस तिथे कोणी नाही.

कासवांच्या डबक्यामागचा तो कडा मी कुठल्याच लेखात छापलेला नाही. आमच्या कामात दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा लिहीत नाहीत, नकाशावर भलंमोठं वर्तुळ काढून मोकळं व्हायचं. ही कासवं तळहाताएवढी, पाठीवर पिवळी नक्षी. काचेच्या पेटीत ठेवायला लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. शेजारच्या खोऱ्यातली एका उन्हाळ्यात पोत्यांत भरून नेली, तीही तिथल्याच राखणदाराने जागा दाखवून. उरलं ते आपलं एक डबकं. सचिवांनासुद्धा त्याचा पत्ता मी दिलेला नाही.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितेय, कारण पुढचं लिहवत नाही. पुरस्काराची बातमी कळल्यावर तू आपला जुना फोटो फोनवरून सगळ्या जगाला दाखवलास ना? तू अर्ध्या चड्डीत गुडघाभर पाण्यात, आणि मी तुझा कान धरलेला. खाली लिहिलंस, 'माझी आई आणि तिचं डबकं.' वाचून रडले रे. डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तर आपल्या मागे तो कडा.

तुला दोष देत नाही. तुझ्या लेखी तो सुट्टीतला फोटो. आता काढूही नकोस. तो कुठल्या कुठे पोचलाय, आणि घाईघाईने काढलास तर त्यांची खात्रीच पटेल.

धावत तिकडे जावं असं फार वाटलं. पण मी गेले असते तर गाडी मागे आली असती, आणि मीच वाट दाखवली असती. सांगावं तरी कोणाला? घरात बसून राहिले. भांडं पडलं तरी दचकते. पायावरून साप गेला तेव्हासुद्धा मी अशी घाबरले नव्हते.

तेव्हा ठरवलंय. शनिवारी सगळ्यांसमोर सांगणार, की ते डबकं कधीच आटलं आणि कासवं संपली. नसलेल्या वस्तूमागे कोणी फिरत नाही. शेवाळवाले पुरावा मागतील, समिती मानपत्र परत घेईल. घेऊ दे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, असं विद्यार्थ्यांना आयुष्यभर दरडावलं, आणि आता चारचौघांत धडधडीत खोटं बोलायचं. त्याची लाज वाटते, पण भीती तिच्याहून मोठी आहे.

तू पहिल्या रांगेत असशील. तुझ्या पोटातलं लगेच चेहऱ्यावर दिसतं, म्हणून आधी कळवते. मी बोलायला लागले की मान खाली घाल. लोकांना वाटेल, पोराला वाईट वाटलं. फोनवर याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पत्र वाचलंस की फाडून टाक.

आणखी एक सांगायचं राहिलं. सोमवारपासून ती गाडी दिसत नाही. आधी हायसं वाटलं. मग भाजी चिरता चिरता हात थांबला. कंटाळून गेले असतील, की आता त्यांना माझी गरज उरली नसेल?

मग जाऊन पाहा, म्हणशील. ते कुठे दबा धरून बसले असतील तर? आणि नसतील, तर तिथे मला काय दिसेल? माझी हिंमत होत नाही, ढब्या. शनिवारी जे बोलणार ते खोटं आहे की खरं, हे मलाच ठाऊक नाही.

आपलं म्हणणं चुकीचं निघावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच जीव मुठीत धरून बसलेली,

तुझी आई