वेदीपुढचा पडदा

हिन्सेनबाख, १२ ऑक्टोबर १९९८

चि. लिओनी हिस आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. अक्षर गोड मानून घे.

तुझा टिबो लुथरन असला तरी मला पसंत, चार वेळा वाढून घेतो. पण त्याचा आजोबा गॉटफ्रीड! अगं, चर्च एकच, नऊला आपली कॅथलिकांची मिस्सा, दहाला त्यांची उपासना. त्याआधी हा उठणार आणि आपल्या वेदीवर पडदा ओढणार, जशी काही वेदी त्यांना चावणार आहे! आता तुमचं लग्न फादर आणि त्यांच्या पाळकबाई मिळून लावणार, मग पडदा उघडा की बंद? काल त्यावर बैठक झाली. आपली वेदी सांभाळणारी क्लोटिल्ड म्हणाली उघडा. गॉटफ्रीड म्हणाला बंद, बापजाद्यांपासून चालत आलंय. कोणीतरी म्हणालं अर्धा ठेवा. मी विचारलं, म्हणजे नवरी दिसणार आणि नवरा झाकला जाणार का? तर मलाच गप्प बसवलं. ठरलं काहीच नाही, माझा कुगेलहोफ केक मात्र संपवला मेल्यांनी.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आजी वाल्बुर्ग

स्ट्रासबर्ग, १८ ऑक्टोबर

ती. आजीस लिओनीचा प्रेमाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून टिबो आधी खूप हसला, मग ते पुन्हा वाचायला बसला. आम्ही ठरवलंय, नगरपालिकेत सह्या करायच्या आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. चर्च नको. आमच्यापायी गाव भांडायला नको. तुझी इच्छा मला ठाऊक आहे गं. रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी लिओनी

हिन्सेनबाख, २६ ऑक्टोबर

चि. लिओनी, आशीर्वाद, आणि आधी खाली बस. तुझ्या पत्रानं मी आठवडाभर रडले, ते सोड आता.

काल हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायचा रविवार. चर्चच्या बुरुजावरचं घड्याळ गॉटफ्रीडच्या ताब्यात, आणि स्वारी विसरली! आम्ही रेडिओवर वेळ ऐकलेली, पण लुथरन मंडळी बुरुजाकडे बघून चालणारी. इकडे आमची नऊची मिस्सा सुरू होतेय, तर वर दहाचे टोल, आणि सगळे लुथरन दारात, भर पावसात. त्यांच्या पाळकबाई शेजारच्या गावाहून यायच्या, त्या नव्या वेळेनं. फादर वेदीवरूनच म्हणाले, आत या की, तुम्ही भिजून कुठला देव खूश होणार आहे? आले बिचारे, मागे बसले. गाणं सुरू झालं आणि त्यांचे पुरुष असे खणखणीत गायले, की आम्हा म्हाताऱ्यांच्या चिरक्या सुरांना अंगच आलं बघ. क्लोटिल्डच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणे, सर्दी झालीय.

तासाभरानं पाळकबाई आल्या. आता त्यांची उपासना, पण आमच्यातलं कोणी उठेचना. सगळ्यांचे डोळे गॉटफ्रीडवर. तो पुढे गेला, पडद्याची दोरी हातात घेतली आणि तसाच उभा. मग दोरी सोडली आणि म्हणाला, आज राहू दे, हात दुखतोय.

बाहेर पडताना मी गाठलंच त्याला. म्हटलं, व्याहीबुवा, हाताला औषध लावा, मे महिन्यात लग्न आहे. तर म्हातारा म्हणतो कसा, काही उपयोग नाही, मे महिन्यातसुद्धा दुखणारच आहे माझा हात!

तेव्हा कार्टे, नुसत्या सह्यांचं विसर. फादर आणि पाळकबाई, दोघांनाही मी तारीख देऊन बसलेय, तुला न विचारता. टिबोला म्हणावं, नवरा पुरता दिसणार आहे, जरा नीटनेटका ये.

तुम्हा दोघांवर मायेचा वर्षाव.
आजी वाल्बुर्ग