परसोचं बटण

६ जुलै २०२५, रविवार
सॉफ्टवेअरच्या कोर्सात भूमेश्वरी मॅडमनी आज प्रोजेक्टच्या टीम पाडल्या. आमच्या टीममध्ये मी, टिकेश आणि चिचगडची रश्मी. लीडर मी. कोणी नेमलं नाही, पण एकावन्न वर्षांचा माणूस बसला असताना दुसरं कोण होईल? आमगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान शून्यातून उभं केलं. मोटारीचा आवाज ऐकून सांगतो, बेअरिंग गेलं की वाइंडिंग. मॅडम म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये पहिलं काम अ‍ॅनालिसिस, म्हणजे समोरच्याचं नीट ऐकणं. ते तर मी तीस वर्षांपासून करून राहिलो.

विषय रश्मीनं दिला. तिची लहान बहीण मंगली, नऊ वर्षांची, तिला सिकलसेल, रक्ताचा आजार. दर अठ्ठावीस दिवसांनी गोंदियाला नेऊन रक्त द्यावं लागते. चुकलं तर लकव्याचा धोका. गावातल्या अशा सात जणांच्या तारखा आरोग्य खात्याच्या आशाताई सांभाळतात. आता आमचं सॉफ्टवेअर सांभाळेल.

निश्चय: रोज सकाळी एक तास कोडिंग.

१३ जुलै
चिचगड. आशाताई सुशीलाबाईंची मुलाखत. रश्मी लिहून घेत होती. मी म्हटलं, लिहू नको, ऐक. आणि माझ्या कानानं जे पकडलं ते वहीत आलंच नसतं. सुशीलाबाई तारीख बोलतच नाहीत! "बिसरामचं रगत कालचं, मंगलीचं परसोचं." सगळं असंच. वा!

कोडिंग: प्रवासामुळे नाही.

२० जुलै
डिझाइन पूर्ण. तारखेचा रकानाच काढून टाकला. तीन मोठी बटणं: आज, कल, परसो. रक्त कधी दिलं त्यावर बोट ठेवायचं, पुढचे अठ्ठावीस दिवस सॉफ्टवेअर मोजते.

रश्मी म्हणे, "काका, परसो कोणता? गेलेला का येणारा? आमच्याकडं दोन्हीले परसोच म्हणतात." मी म्हटलं, अगं, रक्त दिल्यावरच बटण दाबतील ना? तर म्हणे, "सुशीलाबाई आधीच लिहून ठेवतात." टिकेश हसला. माझ्या बाजूनं हसला, असं मी धरलं. मीटिंग संपवली. टीममध्ये कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो.

कोडिंग: टिकेश करतो आहे. लीडरनं कोडमध्ये हात घालू नये.

३ ऑगस्ट
मॅडमनी टेस्टिंगला दोन आठवडे सांगितले होते. पण मोटार विहिरीत सोडल्याशिवाय कळत नाही. थेट चिचगडला जाऊन फोनमध्ये टाकून दिलं. सुशीलाबाई म्हणाल्या, "भाऊ, बिघडलं तं?" म्हटलं, तुमचं रजिस्टर पेटीत ठेवा आणि निवांत राहा. रश्मीचे बाबा मनीराम यांच्याही फोनमध्ये टाकलं. तारखेच्या आदल्या दिवशी वाजेल, तेव्हाच निघायचं. ते दोन्ही हात जोडून उभे होते. बरं वाटलं.

१७ ऑगस्ट
दोन आठवडे झाले, एकही तक्रार नाही. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्रार नाही म्हणजे काय, ते जाऊन पाहिलं का? शिक्षकांना शंका घ्यावीच लागते.

२२ ऑगस्ट
हॉस्टेलवरून रश्मीचा फोन. घरचे म्हणून राहिले, मंगली थकते, शाळेत जात नाही. तिच्या हिशेबानं बारा तारखेला रक्त व्हायला पाहिजे होतं. मी लॅपटॉप उघडून पाहिलं: पुढची तारीख ५ सप्टेंबर. तिला वाचून दाखवली. म्हटलं, बाई, आपण बनवलेल्यावर आपणच भरवसा नाही ठेवला तर गावानं काऊन ठेवावा? "बरं, काका" म्हणून तिनं फोन ठेवला. पटलं तिला. मला आवाजावरून कळते.

१ सप्टेंबर, सकाळी ७.१०
रश्मीचा फोन. मंगली झोपेतून उठली तर उजवा हात उचलेना. तोंड वाकडं. गोंदियाला घेऊन निघाले.
नीट ऐकू आलं नाही, असं तिला म्हटलं. आलं होतं.

३ सप्टेंबर
एन्ट्री काढून पाहिली. १० ऑगस्ट, सकाळी ९.४२, मंगली, परसो. सुशीलाबाईंना सांगायचं होतं, परसो, बारा तारखेला, रक्त आहे. सॉफ्टवेअरनं धरलं, परसो, आठ तारखेला, झालं. त्यांचा फोन आला होता. रडत होत्या, "मी तं बरोबरच दाबलं, भाऊ."

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: वापरणाऱ्याची चूक. मॅडमनी ती ओळ खोडली. रिक्वायरमेंट लिहून कोणी घेतली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, टीमनं.

७ सप्टेंबर, रविवार
दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. मंगली भिंतीकडे तोंड करून झोपली होती. हात तसाच. रक्त चढवलं आहे; हात येईल का, डॉक्टर सांगत नाहीत.

मनीरामनी मला स्टूल दिलं, स्वतः खाली बसले. मी सुरुवात करायच्या आधी तेच बोलले. "पोरगी म्हणे, बाबा, मले उभं राहवत नाही. मी म्हटलं, थांब माय, मोबाइल वाजन तवा जाऊ. गुरुवारी वाजला, साहेब. बरोबर वाजला. पर आम्ही आधीच इथं होतो."

मग फोन माझ्यापुढे धरला. "पुढची तारीख कवाची दाखवते, पाहून सांगा ना."

मी फोन हातात घेऊन बसलो. रश्मीनं तो माझ्या हातून काढून घेतला आणि बाबांना गोंडीत काही सांगू लागली. हळू, बराच वेळ. मला गोंडी येत नाही. मनीराम ऐकता ऐकता माझ्याकडे पाहायला लागले.